गोदूच्या घाटावरची कोरफड

पाणसऱ्याच्या या घाटावर पायऱ्यांच्या फटींतून जी कोरफड वर आली आहे ना, ती तोडायला कुणाला मनाई नाही. फक्त मुळासकट उपटायची नाही. दाढी झाली की इथला पुरुष पान मोडतो, आतला गर गालाला चोळतो आणि देवीचं नाव घेतो. आग थांबते, पुळ्या येत नाहीत. लांबलांबून लोक येतात, पिशव्या भरून नेतात. तुम्हीही न्या. पण मी इथल्या देवीच्या देवळात दिवाबत्ती करते, तेव्हा आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. गोडगोड काही नाही त्यात.

असे सांगतात की गावच्या जोशांच्या घरात गोदू नावाची सून होती. परकर-पोलक्यातली पोर. नवऱ्याचा चेहरा नीट ओळखीचा व्हायच्या आत तो पटकीनं गेला आणि रीतीप्रमाणे तिचे केस गेले. खंडू न्हावी घरी येई. पुरुषाची दाढी असली की तो आधी ऊन पाण्यानं केस मऊ करी आणि वस्तरा केसांच्या कलानं फिरवी. गोदूच्या डोक्याला ते नव्हतं. विधवेला ऊन पाणी म्हणजे चैन झाली! शिवाय डोकं तुळतुळीत हवं, म्हणून वस्तरा उलटा. पोरीच्या डोक्यावर लालभडक पुरळ उठे, घामानं चरचरे, आणि वरून विधवेच्या लुगड्याचा पदर सारखा घासत असे.

खंडूची बायको सगुणा. ती नवऱ्याला म्हणाली, "नका जाऊ त्या घरी."

"म्या न्हाई गेलो तर दुसऱ्या गावचा यील," खंडू म्हणाला. "माझा हात तरी हलका हाय."

खोटं नव्हतं ते. खंडू जात राहिला.

मग सगुणा कोरफडीचं पान पदराखाली लपवून जोशांच्या गोठ्यामागे जाऊ लागली. गोदूच्या डोक्याला गर चोळायची, वाळेपर्यंत फुंकर घालायची. गोदू डोळे मिटून म्हणायची, "सगुणाबाई, अजून थोडं."

वस्तरा फिरला तरी त्या रात्री पोर रडली नाही, आणि तेवढ्यावरूनच सासूला संशय आला. सासूही विधवाच. तिच्याही डोक्यावरून तोच वस्तरा वर्षानुवर्षं फिरत होता. तिनं गोदूचा पदर मागे ओढला, डोक्यावरून हात फिरवला, चिकट बोटं हुंगली आणि म्हणाली, "माझ्या डोक्याची आग विझवायला कोण आलं होतं गं?"

गोदूनं पदर पुढे ओढून घेतला. सासूच्या त्या प्रश्नाचं उत्तर मलाही आजवर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासूनं गोठ्यावर पहारा ठेवला आणि सगुणेला ते घर बंद झालं. तेव्हा तिनं इथं, या फटींत रोपं लावली. गोदू स्नानाला येईल तेव्हा आपलं आपण पान मोडून घेईल, एवढाच हेतू. सासूनं रोपं उपटवली. ती पुन्हा आली म्हणे. परत उपटली, परत आली. शेवटी सासूनं गोदूचं नदीवर येणंच बंद केलं. पुरळ पिकलं, ताप चढला आणि त्याच उन्हाळ्यात पोर गेली. शेवटपर्यंत कोरफड मागत होती, असे सांगतात. कुणी दिली नाही.

पुढे मात्र चमत्कार झाला. ती जिवंत असताना झाला असता तर काय बिघडलं असतं? गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या गालांना आग सुटली. दाढी केली की पुरळ. लोणी लावून झालं, चंदन लावून झालं, कशानं गुण येईना. सगळे सगुणेच्या दारात आले.

ती म्हणाली, "कोरफड घाटावर हाय. पर आधी बायांच्या डोक्यावरचा वस्तरा थांबवा, मगच पान तोडा."

पंच बसले. गालाची आग सोसवेना आणि रीत मोडायची छाती होईना. शेवटी त्यांनी ठरवलं, की गोदू साक्षात देवी होती आणि तिचं देऊळ बांधायचं. देऊळ बांधलं, कोरफड तोडली, गाल गार पडले. बायांवरचा वस्तरा पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिला. त्यांना ही कोरफड डोक्याला लावायची बंदी झाली, कारण ती आता देवीची होती. सगुणा या देवळाची पायरी कधी चढली नाही.

आजही इथला न्हावी पहिलं पान देवीपुढे ठेवल्याशिवाय वस्तरा उघडत नाही. आत या. जरा वाकून, दार बुटकं आहे. ही गोदू. दर जत्रेला गावचे पुरुष हौसेनं तिला खोट्या केसांचं नवं गंगावन आणतात, सुगंधी तेल लावून विंचरतात, टाचेपर्यंत वेणी सोडतात आणि तिच्यात अबोली माळतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, देवीचे केस किती सुंदर आहेत!

मला नाही बघवत ती वेणी. तुम्हाला डोकं टेकायचं असेल तर टेका. मी बाहेर थांबते.