ठकू मुंगीचा मणी

फार वर्षांनी घडणारी ही गोष्ट. सांगायची मात्र जुन्यासारखी. एका वारुळातल्या मुंग्या भेटल्या की मिशीला मिशी लावून ओळख पटवत. मग गळ्यात घालायचे बोलके मणी आले. मणी वाट दाखवी, साखर शोधून देई, दारावर नावही सांगे. मिशी लावणं मागासलेपणाचं ठरलं.

एकदा ठकू मुंगीचा मणी ओढ्याकाठी गळून पडला. चुकतमाकत ती घरी पोचली, तर दारावर पहारा करणाऱ्या तिच्या बहिणीनेच, गोदूने, तिला अडवलं.

"मणी दाखव."

"अगं गोदू, मी ठकू! मिशी लावून बघ की!"

"मिशी? कुठल्या जमान्यात राहतेस, बाई? हो बाजूला, मागे रांग लागलीय."

मागे एक धिप्पाड लाल मुंगी उभी होती. तिच्या गळ्यात ठकूचाच मणी होता.

"मी ठकू," मणी गोड आवाजात म्हणाला.

"ये गं ठकूताई, केवढा उशीर!" म्हणत गोदूने वाट सोडली. लाल मुंगी थेट अंड्यांच्या खोलीकडे वळली.

ठकू ओरडणार होती. पण ठकू तर आत गेली होती, मग ओरडणार कोण? गोंधळून तिने मिशी पुढे केली. गोदूची मिशीही जराशी थरथरली. कशासाठी, ते मात्र गोदूला आठवेना.