डोलीची मागची दांडी

“…पण ज्यानं भर सभेत माझी अब्रू काढली, त्यालाच शेजारी बसवू म्हणता?”

“मी कुठं काय म्हटलं?” सदोबा महाराज गुडघ्याला तेल चोळत होते. “मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही.”

खरंच होतं ते. सुभानराव कणसे मठात आल्यापासून एकटेच बोलत होते.

गोष्ट अशी की पिंपळसांगवीला नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर आलेली. आघाडी एक आणि त्या खुर्चीवर डोळा दोघांचा. म्हणून आघाडीनं आधी आपल्या घरातच मतदान घेतलं. सुभानराव जिंकले, पण अगदी निसटते. तुळशीराम गुजले हरला, आणि त्याची माणसं रुसलेल्या जावयासारखी घरी जाऊन बसली.

आता उद्याच्या सभेत जोडीनं नावं जाहीर करायची होती. नगराध्यक्षाला कणसे, आणि उपनगराध्यक्षाला…? तुळशीरामला घेतलं तर गाव हाती येण्याची आशा. नाही घेतलं तर संपलंच. पलीकडच्यांनी गुलालाची पोती आत्ताच आणून ठेवली होती.

“काय म्हणाला होता रे तो तुळशीराम?” महाराजांनी विचारलं.

“म्हणाला, सुभानराव म्हणजे गंजलेलं कुलूप. आत काय चाललंय ते त्यांच्या बायकोलासुद्धा कळत नाही.”

महाराज खो खो हसले. “मग? बायकोला विचारलंस का, खरं आहे का ते?”

सुभानराव उपरण्याचं टोक पिळत राहिले.

“बरं, ऊठ. आज अष्टमी आहे. देवीला जायचंय, खांदा दे.”

सुभानरावांचा चेहरा खर्रकन उतरला. मठाची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. गुडघे गेल्यापासून महाराज अष्टमीला डोलीतून डोंगर चढत, आणि डोली उचलायची ती एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांनीच. सख्ख्या भावांनी उचलली होती, व्याह्यांनी उचलली होती. महाराजांना खांदेकरी कधी कमी पडले नाहीत. गावच तसं होतं ना!

“दुसरा कोण?” सुभानरावांनी विचारलं खरं, पण उत्तर समोरच उभं होतं.

डोलीपाशी तुळशीराम पँट दुमडून, खांद्यावर पंचा टाकून तयार होता. ताडमाड माणूस. त्यानं रामराम घातला. सुभानरावांनी तो घेतला नाही. ते तडक पुढच्या दांडीला गेले. जिंकलेला माणूस पुढं, त्यात कुणाला विचारायचं काय?

डोली उचलली. महाराज आत मांडी घालून बसले आणि डोळे मिटले.

वाट चढाची. देवीला चाललेल्या बायाबापड्या बाजूला होऊन हात जोडत होत्या. एका म्हातारीनं तर पुढं होऊन सुभानरावांच्या कपाळाला कुंकू लावलं. “भाग्याचा गं बाई!” म्हणाली. सुभानराव मनातून सुखावले. ओझंही फारसं नव्हतं. महाराज म्हणजे हाडाचा सापळा, असं मनाशी म्हणत त्यांनी पाय उचलला.

“सुभानराव, वाट सांगा!” मागून आवाज आला.

सुभानरावांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“मला डोलीपुढचं काही दिसत नाही. दगड आला, खड्डा आला तर सांगत चला.”

कशाला सांगायचं? ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याला वाट तरी का सांगावी? सुभानरावांनी जीभ दाताखाली धरली आणि वाटेतला सुटा धोंडा टांग टाकून ओलांडला.

मागं धाडकन आवाज झाला.

दांडीला हिसका बसला. महाराज पडले! आता गावात तोंड काय दाखवायचं? त्यांनी मान वळवली.

महाराज होते तिथंच होते. डोळे मिटलेलेच.

तुळशीराम गुडघ्यावर पडला होता. गुडघा फुटून रक्ताची धार लागली होती. पण दांडी खांद्यावरून तसूभर हलली नव्हती. दोन्ही हातांनी ती वर धरून तो दातओठ खात उठत होता. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

सुभानरावांना तेव्हा कुठं कळलं, आपल्याला ओझं का लागत नाही ते. चढावर डोलीचा सगळा भार मागं उतरतो. कुंकू पुढच्याला आणि भार मागच्याला…

“सोडून द्यायची होतीस,” ते पुटपुटले.

“आत महाराज आहेत.”

“म्हणून काय झालं? चूक माझी होती. पडले असते तर बोल मलाच लागला असता. साऱ्या गावानं बघितलं असतं.”

“हो की,” तुळशीराम धापा टाकत म्हणाला. “पण पडले असते ते महाराज.”

शाबास रे पठ्ठ्या, असं सुभानरावांच्या मनात आलं. ओठावर मात्र आलं नाही. कुलूप गंजलेलं होतं, हे खरंच म्हणायचं.

डोली टेकवून त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं तुळशीरामचा गुडघा बांधला. “तू पुढं ये. मी मागं होतो.”

“नको. चढाला उंच माणूस मागं लागतो, नाहीतर डोली कलते.” तुळशीरामनं पुन्हा दांडीला खांदा दिला. “तुम्हीच पुढं बरे. फक्त बोलत चला.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. सुभानरावांनी कान देऊन शोधला, तरी सापडला नाही.

दोघं पुन्हा चालू लागले.

“डाव्या अंगाला धोंडा आहे,” सुभानराव हळूच म्हणाले.

“आला ध्यानात.”

“पुढं पायरी उंच आहे. मी चढलो. आता तू.”

“चढलो.”

“दमलास का? थांबू?”

“त्या झाडापर्यंत जाऊ या.”

“चल मग. वाळू आहे, पाय दाबून टाक.”

एवढं सलग सुभानराव दुसऱ्या कुणासाठी बोलल्याचं गावात कुणाच्या आठवणीत नव्हतं. वाटेवरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. सुभानरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांना पायाखालची वाट बघायची होती, आपल्यासाठी आणि मागच्यासाठीही.

देवळापाशी डोली टेकली. महाराजांनी डोळे उघडले, जणू नुकतेच झोपेतून उठले.

“आलो का रे? आज धक्का एकच बसला.”

तुळशीराम मागं दांडीला टेकून उभा होता. उपरणं रक्तानं भिजलं होतं, तरी माणूस देवीकडे बघून हसत होता. सुभानरावांनी कपाळाचं कुंकू बोटानं टिपलं आणि मुकाट्यानं जाऊन त्याच्या कपाळाला लावलं. मग परत येऊन महाराजांचे पाय धरले.

“महाराज, उद्या सभा आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. याला बरोबर घेऊ ना मी?”

महाराज काठी टेकत उठले. एकदा पुढच्या दांडीकडे बघितलं, एकदा मागच्या…

“मला काय विचारतोस, बाबा? मी तर ओझं. खांदा त्याचा आहे, त्याला विचार.”