बाबांनी गादी निवडली

"मेमरी फोम की स्प्रिंग, बाबा?"

इब्राहिम नदाफ यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सोमगीर बाबा वॉकर धरून गाद्यांच्या दुकानाच्या मधोमध उभे होते. समोर दोन पलंग, दोन्हींवर एकेक नवी कोरी गादी. बाबा एकदा या पलंगाकडं बघायचे, एकदा त्या.

त्यांच्या मागं दिगंबर उभा होता. हात मागं बांधलेले, पाठ ताठ.

दिगंबरला उत्तर ठाऊक होतं. बाबा आता हसतील आणि म्हणतील, यातलं काही नको. मग आपण बाबांना हाताला धरून जीपमध्ये बसवायचं, आणि परत मठात.

त्यानं खिशातली वही काढून तयार ठेवली. बाबांचं बोलणं तो टिपून घेत असे.

विट्याच्या पुढं एका माळावर गोसाव्यांचा लहानसा मठ आहे. बाबा तिथले महंत. वय ब्याऐंशी. पन्नासहून जास्त वर्षं ते मठाच्या दगडी फरशीवर एक घोंगडं टाकून झोपत आले होते. पंचक्रोशीत त्याचं मोठं अप्रूप. लोक मुलाबाळांना घेऊन यायचे आणि बोटानं दाखवायचे, बाबा इथं झोपतात बघ.

दिगंबर अकरा वर्षांपूर्वी मठात आला. त्याआधी तो कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचा. पहिल्याच दिवशी त्यानं ती फरशी बघितली, ते घोंगडं बघितलं, आणि मनाशी ठरवलं. गुरूंना घोंगडं, तर शिष्याला तेही नको.

तेव्हापासून तो नुसत्या फरशीवर झोपत होता.

दोन महिन्यांपूर्वी मठातल्या कुंडाच्या पायरीवरून बाबांचा पाय घसरला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं, "खाली झोपायचं नाही, खाली बसायचं नाही. पलंग आणि धड गादी. ऐकलं नाहीत तर पुन्हा उभं राहणं अवघड आहे."

तेव्हापासून बाबा कुणीतरी आणून दिलेल्या नवारीच्या खाटेवर होते. खाट मधे झोळीसारखी खोल. उठवायला दोन माणसं लागायची.

आणि आज हे दुकान.

"यावर हात ठेवून बघा," नदाफ म्हणाले.

बाबांनी फोमच्या गादीवर पंजा ठेवला. दाबला. मग उचलला.

गादीवर पंजा उमटून राहिला. पाच बोटं, तळवा, सगळं. मग तो खड्डा हळूहळू भरत आला... आणि नाहीसा झाला.

बाबा टक लावून बघत होते.

दिगंबरनं पेनाचं टोपण काढलं. माणूस जातो, ठसा राहतो, ठसाही पुसतो... असं काहीतरी आता येणार.

"गरम लागतंय," बाबा म्हणाले.

पेन तसंच राहिलं.

"लागतं थोडं," नदाफ प्रामाणिकपणे म्हणाले. "अंगाचा आकार घेते ही. दुखरी जागा दाबली जात नाही. पण माणूस आत रुततो. कूस बदलायला जोर लागतो."

"आणि ही?"

"ही स्प्रिंगची. ही रुतू देत नाही."

दोघांनी धरून बाबांना स्प्रिंगच्या गादीवर बसवलं. बाबा बसले. मग त्यांनी बसल्याबसल्या अंगाला एक हलका झोका दिला.

गादीनं त्यांना वर उचललं.

बाबांनी इकडंतिकडं बघितलं. पुन्हा झोका दिला. मग पुन्हा. त्यांच्या तोंडावर हसू पसरलं.

"बाबा..." दिगंबर दबक्या आवाजात म्हणाला. दारातून लोक बघत होते.

बाबांनी वॉकर जवळ ओढला. दोन्ही हात त्यावर टेकले. नदाफ धरायला पुढं झाले, तर बाबांनी मानेनंच नको म्हटलं.

एक झोका... आणि ते उभे राहिले.

कुणी काखेत हात घातला नव्हता. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाबा आपले आपण उठले होते.

"ही ढकलतीय वर," बाबा म्हणाले. "हीच द्या."

नदाफ यांचा चेहरा फुलला. "आता चहा तर घ्याच," म्हणत ते आतल्या बाजूला गेले.

दुकानात दोघंच राहिले.

"बाबा, ही परीक्षा आहे का?" दिगंबरनं विचारलं.

"कसली?"

"माझी."

"तुझी कशाला? खुबा माझा मोडलाय."

पण दिगंबरला राहवेना.

"पन्नास वर्षं तुम्ही जमिनीवर झोपलात. देहाचे लाड करायचे नाहीत म्हणून. आणि आता..."

"असं कोण म्हणलं?"

"काय?"

"लाड करायचे न्हाईत म्हणून झोपलो, हे कोण म्हणलं?"

"मग कशासाठी झोपलात?"

बाबांनी आठवायला थोडा वेळ घेतला.

"मी मठात आलो तवा खाट एकच हुती. तिच्यावर गुरुजी झोपायचे. मला घोंगडं दिलं."

"आणि गुरुजी गेल्यावर?"

"खाटंला वाळवी लागली हुती. मोडून सरपणाला घातली."

"मग नवी का नाही केलीत?"

"सवय झाली. पुढं लोक बघाय येऊ लागले. मग गादी आणू का, असं कुणी इचारलंच न्हाई."



समोरच्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या गाद्या दिगंबरला एकाएकी फार उंच वाटू लागल्या. अकरा वर्षं. थंडीत फरशी बर्फासारखी व्हायची. तो झोपेविना कुडकुडत पडून राहायचा आणि मनात म्हणायचा, बाबा हे सोसतात, मलाही सोसलंच पाहिजे. मागच्या वर्षी एक निवृत्त पोस्टमास्तर मठात राहायला आले होते. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी बरोबर गुंडाळी करून सतरंजी आणली होती. दिगंबरनं ती दारातच काढून घेतली. इथं हे चालत नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर न सांगता निघून गेले. त्या दिवशी दिगंबरला आपण मठाची शिस्त राखली असं वाटलं होतं.

"मी तुमचं बघून खाली झोपत होतो," तो म्हणाला. "घोंगडंही टाकलं नाही. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, नको म्हणून."

बाबांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"मला वाटलं, तुला आवडतंय."

...

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"कुठं दुखतंय?" बाबांनी विचारलं.

"कुठं नाही."

"सकाळी भिंत धरून उठतोस."

"ते... जरा आखडतं."

"कुठं?"

दिगंबरनं खाली बघितलं. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टरांना नाही, घरून आलेल्या बहिणीला नाही. मठातल्या लोकांसमोर तो वाकायचं टाळायचा. आरतीच्या वेळी खांबाला टेकून उभा राहायचा. ध्यान लागल्यासारखे डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे कळ तोंडावर दिसू नये.

"कमरेत," तो म्हणाला. "डाव्या पायात खालपर्यंत जातं. चार वर्षं झाली."

बाबांनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि फोमच्या गादीकडं बोट केलं.

"झोप."

"इथं? दुकानात?"

"झोप."

"बाबा, लोक..."

"पाय वर घे."

दिगंबर काठावर बसला. गादी हळूच खाली गेली. तो आडवा झाला, आधी कुशीवर, मग भीत भीत पाठीवर. फरशीवर पाठ टेकली की पहिला अर्धा तास कळ सोसायची, ही त्याची रोजची रीत. त्या सवयीनं त्यानं दात आवळले.

कळ आली नाही.

त्यानं वाट बघितली. खांदे थोडे खाली गेले. माकडहाड खाली गेलं. कमरेखाली जिथं नेहमी पोकळी राहायची, तिथं काहीतरी मऊ येऊन भरलं आणि थांबलं. डावा पाय, ज्याच्यातून रोज ठिणगी जायची, तो नुसता पडून राहिला.

आवळलेले दात सुटले.

"बाबा..." तो म्हणाला.

"हं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानशिलांवरून खाली गेलं. पुसावं असंही वाटलं नाही. छाताडावरून कुणीतरी दगड उतरवून ठेवावा तसं झालं होतं. श्वास पोटापर्यंत जात होता.

दोन मिनिटांत त्याला झोप लागली.

नदाफ चहा घेऊन आले. आधी ते पलंगावरच्या माणसाकडं बघत राहिले, मग बाबांकडं.

बाबांनी ओठावर बोट ठेवलं.

नदाफ यांनी दारावरचा पंखा बंद केला, वारा थेट अंगावर येत होता म्हणून. आलेल्या गिऱ्हाइकांना ते हातानं खुणावून बाहेरच्या बाकावर बसवू लागले. बाबा स्प्रिंगच्या गादीवर बसून राहिले. मधे एकदा आपले आपण उठले, दोन पावलं चालले, परत येऊन बसले. मग त्यांनी नदाफ यांना जवळ बोलावलं आणि दिगंबर झोपला होता त्या गादीवर हलकेच हात ठेवला.

"ही बी बांधा," ते कुजबुजले. "पण तो उठल्यावर."

दिगंबर जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. आपण कुठं आहोत ते त्याला पटकन कळेना. नेहमीप्रमाणं धरायला भिंत शोधली. भिंत नव्हती. तो एका कुशीवर वळला, पाय खाली सोडले आणि उठून बसला.

तो बसला आहे आणि दुखत नाही, हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला.

मग त्याला हसू आलं. मोठ्यानं. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली.

"किती वेळ झोपलो?"

"अडीच तास," नदाफ म्हणाले.

"आणि तुम्ही एवढा वेळ बसून होता, बाबा?"

"चांगली हाय गादी," बाबा म्हणाले.

त्यांच्या हातात चहाची बशी होती, बहुधा दुसरी किंवा तिसरी. दिगंबर उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. स्प्रिंगनं दोघांनाही किंचित झुलवलं. बाहेर नदाफ यांची माणसं जीपच्या टपावर दोरखंड टाकत होती.

"पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन येतो उद्या," दिगंबर म्हणाला. "माफी मागायला."

बाबांनी मान हलवली.

"वाकून पाया पडता येईल आता," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. मग हसू हळूहळू ओसरलं. त्यानं आपल्या तळहातांकडं बघितलं.

"बाबा... मग ती अकरा वर्षं?"

बाबा चहा फुंकत होते.

"फुकट गेली का ती? तुमच्यासाठी नव्हती, देवासाठी नव्हती... मग काय होतं ते सगळं?"

बाबांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी खाली ठेवली.

"जागरण."