एकशेवीस नखांचा हार

एका राज्यात सुवर्णबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य करीत होता म्हणजे सिंहासनावर बसत होता. सिंहासनाला नवी निळी मखमल लावली होती आणि तिच्यावर राजाचा फार जीव होता. राजवाड्यात बारा मांजरे होती. ती कोठारातले उंदीर मारीत, आणि दुपारी दरबार उठला की मखमलीत पुढचे पाय रोवून पाठ ताणीत. मखमलीच्या चिंध्या होत.

राजाने राजवैद्य भद्रमुखाला बोलावले. म्हणाला, "वैद्यराज, या मांजरांची नखे काढा. पुन्हा दिसता कामा नयेत."

"जशी आज्ञा," भद्रमुख म्हणाला.

भद्रमुख विद्वान होता. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते, हे त्याला पाठ होते. ते पुन्हा दिसू नये असे वाटत असेल तर नख काढून भागत नाही, बोटाचे पेरच कापावे लागते. पण हे राजाला सांगायला तीन वाक्ये लागली असती. त्या दरबारात रिवाज असा, की राजासमोर कामाचे एकच वाक्य बोलावे. दुसऱ्या वाक्याला राजा जांभई देई, आणि ज्याच्या बोलण्यावर जांभई आली त्याला उचलून खालच्या पायरीवर बसवीत. भद्रमुख वरच्या पायरीवर बसत असे. तिथला वारा त्याला मानवला होता.

त्याने बारा मांजरांच्या पुढच्या पायांची एकशेवीस पेरे कापली आणि दरबारात निवेदन केले, "महाराजांच्या कृपेने नखे काढली, मांजरे सुखरूप आहेत." सुखरूप आहेत की नाहीत, हे पाहायला तो नंतर गेला.

जखमा भरल्या, पण मांजरे बरी झाली नाहीत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या वाळूच्या पाटीत पाय ठेवला की कापलेली बोटे ठणकत, म्हणून ती पाटी सोडून मऊ जागा शोधू लागली. राजवाड्यात सर्वांत मऊ जागा कोणती, हे सांगायला नको. नखांपासून वाचलेली मखमल मुताने भिजली. पूर्वी कुणी छेडले तर मांजर पंजा उगारून बजावी. आता बजावायला काही उरले नव्हते, म्हणून ती सरळ चावत. सर्वांत वयस्क मांजरी शेवंती सगळा भार मागे टाकून, तापलेल्या फरशीवरून चालावे तशी चाले. तिची पाठ आखडली. उंच फळीवर उडी मारणारी ती, आता पलंगाखाली बसून राही.

"मांजरे माजली," प्रधान म्हणाला.

राजाने भद्रमुखाकडे पाहिले. भद्रमुखाने आपल्या जोड्यांकडे पाहिले. मांजरांना मागच्या अंगणात हाकलण्यात आले.

पुढे राजपुत्राचे बारसे आले. बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख घालण्याची त्या राज्यात चाल होती. पण वाघनखासाठी वाघाची गाठ घ्यावी लागते आणि राजाला ती हौस नव्हती. मांजर वाघाच्या नात्यातलेच, असे म्हणून त्याने ती एकशेवीस नखे सोनाराकडे धाडली आणि त्यांचा हार करवला. हार बाळाच्या गळ्यात पडला, आणि त्याच क्षणी साऱ्या राज्यातली पकड गेली.

गाठी सुटल्या. वेली मांडवावरून गळून पडल्या. पोपट फांद्यांवरून घसरले आणि जमिनीवर बसून एकमेकांना दोष देऊ लागले. राजाचा पीतांबर सुटला, तेव्हा सगळा दरबार एकाग्रतेने छताची नक्षी पाहू लागला. पाळण्याची दोरी सुटली, पण राणी मदनमंजिरीने बाळाला दोन्ही कोपरांवर झेलले. मग तिने त्याला पाजायला घेतले, तर बाळाला स्तन ओठांत धरवेना. राज्यात आता एकच वस्तू घट्ट होती. बाळाच्या गळ्यातला तो हार. त्याचा फासा कुणालाच उघडता येईना.

राणी कापसाच्या बोळ्याने दुधाचे थेंब बाळाच्या तोंडात सोडू लागली. निम्मे दूध ओघळून जाई. चौथ्या दिवशी बाळाचे रडणे बारीक झाले.

त्या दिवशी एक म्हातारा धनेश पक्षी उडत दरबारात आला. फांदी धरवत नसल्याने तो जमिनीवर उतरला.

"राजा, ही ताम्रजटा चेटकिणीची माया आहे. दरीपलीकडे राहते. ज्याने नखे काढली त्याला तिने बोलावले आहे."

"मी आज्ञेप्रमाणेच..." भद्रमुख बोलू लागला.

"ते तिथे सांगा," धनेश म्हणाला. "तिला करमणूक आवडते."

भद्रमुख निघाला. ताम्रजटा गुहेच्या तोंडाशी भाकरी थापत बसली होती. जटा तांब्याच्या तारांसारख्या, नजर सासूसारखी.

"आलात? तीन कामे आहेत. पहिले सोपे. ही खडीची नदी ओलांडा."

नदी कोरडी होती आणि रुंदी पन्नास पावलांची. भद्रमुख हसला. मग तिने पिठाच्या हाताने त्याच्या हातापायांना स्पर्श केला, आणि त्याच्या वीसही बोटांची शेवटची पेरे गेली. रक्त आले नाही. बोटे तिथे संपली, इतकेच. पहिल्या पावलाला कळ मस्तकात गेली. दुसऱ्या पावलाला त्याने सगळा भार टाचेवर टाकला, दहाव्या पावलाला पाठ आखडली. ही चाल आपण कुठे पाहिली, हे त्याला आठवले, आणि न आठवते तर बरे असेही वाटले.

पलीकडच्या काठावर ताम्रजटा आधीच उभी होती. "दुसरे काम. हा माझा गडी तुमच्या पाठीवरून मायेने हात फिरवेल. तुम्ही फक्त शांत बसा."

गडी माणूस चांगला होता, पण त्याचा हात नेमका आखडलेल्या मणक्यावर पडला. भद्रमुखाने हात उगारला. हाताला टोक नव्हते. हात पुन्हा आला. राजवैद्य भद्रमुख, चार शास्त्रांचा पंडित, त्या गड्याच्या मनगटाला कडकडून चावला.

"अगंबाई," ताम्रजटा म्हणाली, "वैद्यबुवा माजले की!"

भद्रमुखाने तोंड पुसले. त्याला मान वर करवेना.

"दुसऱ्या कामात नापास झालात. बारा मांजरेही झाली होती," ती म्हणाली. "घ्या तुमची बोटे. तुमची परत मिळतात."

"आणि त्यांची?"

"त्यांची नाही. शाप माझा आहे, तो मी उतरवू शकते. कापलेत तुम्ही." तिने हाताचे पीठ झटकले. "तिसरे काम. जे केलेत ते भरदरबारात सांगा. एका वाक्यात नव्हे. आणि 'महाराजांच्या कृपेने' हे शब्द त्यात नकोत."

भद्रमुख परतला तेव्हा बाळाचा आवाज थांबला होता, नुसते ओठ हलत होते. तो वरच्या पायरीवर चढला नाही.

"महाराज, मी नखे काढली नाहीत. मी बोटे कापली."

राजाने जांभई दिली. शिपाई पुढे सरकले. भद्रमुख बोलत राहिला. कोणते हाड, कुठून कापले, किती मांजरांची, हे त्याने सांगितले. वाळू का टोचते, चावतात का, शेवंती तशी का चालते, तेही सांगितले. "ती माजलेली नाहीत. त्यांना दुखते आहे. आणि ते जन्मभर दुखेल."

"हे तुम्हाला नंतर कळले?" राणीने विचारले.

तो हो म्हणाला असता तर कुणालाच खोटे वाटले नसते. इतके सांगून झाल्यावर तर ते फारच सोपे होते.

"नाही, राणीसाहेब. आधीपासून माहीत होते. मला पायरी सोडायची नव्हती."

हाराचा फासा उघडला. एकशेवीस नखे फरशीवर सांडली आणि बाळाने आईच्या अंगाशी तोंड लावून चुळुकचुळुक दूध ओढायला सुरुवात केली. बाहेर पोपट फांद्यांवर चढले. राजाने, पीतांबर आवळून, आज्ञा केली की या राज्यात कुणाही जनावराचे पेर पुन्हा कापले जाणार नाही, आणि मखमल फाटली तर फाटली. दरबाराने जयजयकार केला. राजाने भद्रमुखाच्या खांद्यावर घालायला शाल आणवली, पण तो अंगणात निघून गेला होता.

त्या दिवसापासून भद्रमुख रोज सकाळी नदीकाठची माती वस्त्रगाळ करून पाटीत पसरी. वेदना शमवणारे औषध दुधात कालवी, आणि अंगणातल्या उंच फळीपर्यंत त्याने बुटक्या पायऱ्या बांधल्या. अकरा मांजरे हळूहळू त्या पायऱ्यांवरून वर जाऊ लागली. शेवंती कोपऱ्यातून त्याच्या हातांकडे बघत बसे. तो अंगणात असेपर्यंत ती मातीवर पाऊल ठेवीत नसे.

म्हणून तो माती पसरून झाली की लगेच निघून जाई.