कोष्टिणीची तिसरी मूठ

नदीकाठच्या एका लहानशा गावात एक कोष्टी राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारा बाप, अशी तीनच माणसं. कोष्टी मागावर बसून लुगडी विणायचा. बायको त्याला कांड्या भरून द्यायची, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर रहाटाने सूत गुंडाळायची. म्हातारा एके काळी नावाजलेला विणकर होता, पण आता बारीक सूत दिसत नसे. तो ओसरीवर बसून मागाचा आवाज ऐकायचा आणि जेवणाची वाट बघायचा. दोन्ही कामं तो अगदी मन लावून करायचा.

मंगळवारी सकाळी नवं लुगडं विणायला घ्यायचं, रविवारी दिवेलागणीला पदर पुरा करून उतरवायचं आणि सोमवारी बाजारात विकायचं, असा त्यांचा आठवडा असे. बाजार फक्त सोमवारी भरायचा. लुगड्याचे जे काय मिळायचे त्यात पुढच्या सोमवारपर्यंत तिघांचं भागवायचं. मिळकत बेताची होती. बेताने वागणं मात्र कोष्ट्याला जमत नव्हतं.

पण एकट्या त्याला तरी का बोल लावा? त्या गावची रीतच तशी होती. सोमवारी बाजार घरी आला की संध्याकाळी असा स्वयंपाक करायचा की वास चार घरं पलीकडे गेला पाहिजे. ज्याच्या घरातून वास आला नाही त्याचं काही खरं नाही, असं लोक समजायचे. मग कोष्ट्याकडेही सोमवारी भरली वांगी, गव्हाच्या पोळ्या, वर तुपाची धार आणि गुळाचा सांजा. मंगळवारी ताजी भाजी आणि आदल्या दिवशीचं उरलेलं. बुधवारी आमटी. गुरुवारीही आमटीच, फक्त तिच्यात डाळ शोधावी लागायची. शुक्रवारी चटणी-भाकरी, शनिवारी भाकरी आणि मीठ, आणि रविवारी मूठभर कण्या शिजवून त्यावर तांब्याभर पाणी. सोमवार उजाडला की मागचं सगळं विसरून पुन्हा वांगी चिरायला घ्यायची!

कोष्टी ज्यांना लुगडी विकायचा ते शेटजी माल पारखताना डोळे मिटून घ्यायचे आणि कापडावरून तळहात फिरवायचे. एका सोमवारी त्यांचा हात काठावरून गेला, मधल्या अंगावरून गेला आणि पदराशी येऊन अडखळला. शेटजींनी डोळे उघडले. पदर उजेडात धरला, तर पलीकडचं झाड दिसत होतं.

"अरे, बाई चारचौघींत मिरवते तो पदर," शेटजी म्हणाले. "आणि नेमका तोच चाळणीसारखा?"

"सूत जरा कच्चं आलं असेल, शेटजी."

"काठाला पक्कं आणि पदराला कच्चं? गेली चार लुगडी मी हेच बघतोय. आजचं हे घेतो. पण पुढच्या सोमवारी पदर काठासारखा घट्ट विणून आण. नाही जमलं तर मी काम पलीकडच्या गावच्या कोष्ट्याला देईन. राग मानू नकोस."

शेटजी वाईट नव्हते, पण शब्दाचे पक्के होते. त्यांच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक कोष्ट्याला नव्हतं. शेटजी गेले की माग बंद, आणि माग बंद म्हणजे चूल बंद.

घरी येऊन कोष्ट्याने मागाच्या दोऱ्या आवळल्या, खुंट्या ठोकल्या, सूत ठोकून घट्ट बसवणारी फणी पुसून काढली. एवढ्यानेही समाधान होईना म्हणून मागाला लिंबू-मिरची बांधली. बायको हे सगळं बघत होती. लिंबू बांधून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, एक विचारू का?"

"विचार."

"मंगळवारी तुमचा माग कसा खटाखट चालतो. शुक्रवारपासून मात्र एक ठोका झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागते. शुक्रवारी, शनिवारी आपण काय जेवतो?"

कोष्ट्याने लिंबाची गाठ उगाचच पुन्हा आवळली.

"लुगड्याचं अंग विणताना तुमच्या पोटात पोळी असते," ती म्हणाली. "पदर विणताना काहीच नसतं. हातात जोर यायचा कुठून?"

ओसरीवरून म्हातारा म्हणाला, "सूनबाई म्हणते त्यात तथ्य आहे. माझाही पदर सैलच यायचा. मला आपलं वाटायचं, पदराचा स्वभावच तसा."

"एक आठवडा चूल माझ्या मताने चालू द्या," बायको म्हणाली.

"चालव की! फक्त सोमवारचं जेवण..."

"तेही माझ्याच मताने."

कोष्ट्याने नाइलाजाने मान हलवली.

नेहमीचेच पैसे घेऊन ती बाजाराला निघाली, पण भर दुपारी गेली नाही. उन्हं कलली, भाजीवाल्या पाट्या आवरायला लागल्या, तेव्हा गेली. उरलेली भाजी परत न्यायचा कोणालाच उत्साह नव्हता. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या तर तिसरी वरून मिळाली. पाल्यासकट मुळे घेतले, एक दुधी घेतला, आठवडाभर टिकणारा लाल भोपळा घेतला. तूर, मूग, मटकी, हुलगे थोडे थोडे घेतले. गहू घेतले नाहीत, ज्वारी घेतली. वांग्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. गुळाचा खडा मात्र घेतला, कारण सासऱ्यांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता.

घरी येऊन तिने फडक्याच्या सात पुरचुंड्या बांधल्या. प्रत्येकीत त्या त्या दिवसाचं कडधान्य किंवा डाळ, मुठीने मोजून. ज्वारीचीही तशीच सात मापं केली. जी भाजी आधी सुकते ती आधी शिजवायची, असं तिने ठरवलं. म्हणून त्या रात्री मेथीची पातळ भाजी आणि भाकरी झाली, बरोबर कारळ्याची चटणी.

जेवण होतंय न होतंय तोच शेजाऱ्याने डोकावून विचारलं, "काय हो, आज बाजार केला नाही वाटतं?"

कोष्ट्याचे कान तापले. "केला की," तो म्हणाला. "पण आजच सगळा खायचा नाही, असं ठरलंय."

शेजाऱ्याला हे इतकं नवलाचं वाटलं की तो लगेच चार घरी सांगून आला. म्हाताऱ्याचं दुःख वेगळंच होतं.

"सांजा नाही?"

"गुरुवारी करणार आहे, मामंजी."

"गुरुवारपर्यंत मी असेन की नाही, कोणाला ठाऊक!"

गुरुवारी म्हातारा होता. त्याने सांजा खाल्ला आणि बोटंही चाटली. मधल्या दिवसांत मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी झाली होती, मुगाची आमटी झाली होती, दुधीची भाजी झाली होती आणि दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी झाली होती. आमटीत डाळ शोधावी लागत नव्हती. मागाचा आवाज मंगळवारी होता तसाच बुधवारी राहिला आणि गुरुवारीही. शुक्रवारी सकाळी कोष्ट्याने पदर विणायला घेतला तेव्हा तो चक्क गुणगुणत होता.

दुपार उतरताना त्याने सहज पदरावरून हात फिरवला आणि तो दचकला. वीण पुन्हा सैल! जागोजाग सुताचे बारीक फुगे आले होते. पोट भरलेलं, हातात जोर, फणीचा ठोका ठणठणीत, मग हे काय? त्याने धोटा उघडला, कांडी काढली आणि अंगठ्याने दाबली. अंगठा सुतात रुतला. कांडीच इतकी ढिली भरली होती की धोट्यातून सूत लोंबत सुटत होतं.

तो तावातावाने आत गेला. "अगं, कांड्या भरतेस की खेळ करतेस? सोमवारी शेटजींना काय दाखवू?"

बायको रहाटाशी बसली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. त्याचा आवाज ऐकून तिने घाईने सूत ओढलं, तर ते तिच्या बोटांतून निसटलं.

कोष्ट्याचा राग तिथेच विरला. "काय होतंय तुला?"

"काही नाही. जरा गरगरल्यासारखं झालं."

"जेवलीस का?"

"जेवीन की. तुम्हा दोघांचं झाल्यावर काय उरलंय ते बघते."

कोष्ट्याने भाकरीची टोपली उघडली. टोपली रिकामी होती. आमटीचं पातेलं बघितलं. तेही पुसून घेतल्यासारखं कोरडं होतं. फळीवर रात्रीपुरती मूठभर डाळ आणि शनिवारची व रविवारची पुरचुंडी होती. त्याने शनिवारची उचलली.

"यात मुठी किती?"

"दोन."

"कोणाच्या?"

"एक तुमची, एक मामंजींची."

"आणि तुझी?"

"माझं काय मेलं! उरलंसुरलं मला पुरतं."

"अगं, पण या आठवड्यात तू काही उरूच दिलं नाहीस!"

बायकोने बोटांवर मोजून बघितलं. खरंच की! पूर्वी निदान सोमवार-मंगळवारी तरी खाली राहिलेलं तिच्या वाट्याला यायचं. या खेपेला तिने इतकं नेमकं मोजलं होतं की तिच्यासाठी काही शिल्लकच राहिलं नव्हतं. भाकरीचे तुकडे, पातेल्याची खरवड आणि पाणी यावर तिने चार दिवस काढले होते, आणि मोजण्यात चूक झाली आहे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले.

कोष्ट्याला मात्र हसू आलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. चार दिवस तो भरल्या पोटी गुणगुणत होता आणि आत बसून कांड्या भरणारी जेवली का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. चारच दिवस कशाला, लग्न झाल्यापासून विचारलं नव्हतं.

बायको डोळे पुसून म्हणाली, "आधी तो पदर पुरा करा. माझं मागाहून बघू. हातातून काम गेलं तर तिघंही उपाशी मरू."

कोष्टी दारात क्षणभर उभा राहिला. ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. उजेड थोडाच उरला होता, आणि कांड्या त्याला स्वतःलाही भरता आल्या असत्या. पण त्याने जाऊन मागावर फडकं टाकलं. "आज माग बंद," तो म्हणाला. "आधी तू जेवायचं."

ओसरीवरचा म्हातारा हे सगळं ऐकत होता. तो काठी घेऊन उठला आणि नदीकडे चालू लागला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या उपरण्यात घोळ आणि तांदुळजा होता, न पेरता उगवलेला, कोणीही खुडून न्यावा असा.

"सूत दिसत नाही मला," तो म्हणाला, "पण एवढाली पानं दिसतात की! हे माझ्या डोक्यात यायला एवढी वर्षं लागली. पोरी, उद्यापासून भाजी माझ्याकडे."

त्या संध्याकाळी रात्रीसाठी राखलेल्या मूठभर डाळीत शनिवारच्या ज्वारीतली थोडी कणी आणि ती सगळी भाजी पडली. पातेलं काठोकाठ भरलं. कोष्ट्याने तीन ताटं एका ओळीत मांडली. बायको सवयीने वाढायला उभी राहिली, तर तो म्हणाला, "बस. पातेलं मध्ये ठेव, ज्याला लागेल तो घेईल." ती संकोचत बसली. गरम भाकरीचा पहिला घास तिने खाल्ला, आणि शेवटची गरम भाकरी आपण कधी खाल्ली होती हे तिला काही केल्या आठवेना.

शनिवारच्या मटकीला तिने मोड आणले. दोन मुठी मटकी फुगून टोपलीभर झाली. रविवारी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि लाल भोपळ्याची भाजी झाली. म्हातारा रोज उपरणं भरून पाला आणत होता आणि आपणच घर चालवतोय अशा थाटात ओसरीवर बसत होता. कोष्ट्याने सैल विणलेला पदर चार बोटं उसवला आणि नव्याने विणला. आता कांड्या अशा भरलेल्या होत्या की अंगठा रुतत नव्हता. रविवारी दिवा लावता लावता पदर पुरा झाला.

सोमवारी शेटजींनी डोळे मिटले आणि हात फिरवायला सुरुवात केली. हात काठावरून गेला, मधल्या अंगावरून गेला, पदरावर आला आणि कुठेही न अडखळता टोकापर्यंत गेला. शेटजींनी डोळे उघडून पुन्हा एकदा फिरवला.

"सूत बदललंस?"

"नाही शेटजी, सूत तेच."

"मग माग नवा घेतलास?"

"मागही तोच. घरात एक ताट वाढवलं."

शेटजींना काही कळलं नाही, पण त्यांनी लुगडं घेतलं आणि पुढची दोन सांगून ठेवली.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर कोष्टी आणि कोष्टीण दोघंही बाजाराला गेली. घरी येऊन ती पुरचुंड्या बांधायला बसली, तर त्याने तिच्या हातातून मटकीची पिशवी घेतली. "तू मोजताना चुकतेस," तो म्हणाला. मग त्याने फडकं पसरलं, मूठ भरून घेतली आणि म्हणाला, "ही तुझी." ती मूठ फडक्यावर टाकल्यावर त्याने बापाची टाकली, आणि आपली सगळ्यांत शेवटी.

तात्पर्य: थोडक्यात आठवडा काढायचा असेल तर अन्न सातही दिवसांत सारखं वाटावं, आणि वाटायला बसलं की रांधणाऱ्या माणसाचा वाटा सगळ्यांत आधी काढावा.