भैरवीनंतरची मैफल

एका राज्यात कर्दळी नावाचा एक कसबा होता. राज्य केवढं, राजधानी कुठं, ते विचारू नका. मला ठाऊक आहे, पण कथेला त्याचं काम नाही. कर्दळीला दरसाल चैत्रात तीन दिवस गाण्याचा उत्सव भरे. नदीकाठी मोठा मांडव पडे. तीस गावची माणसं बैलगाड्या जुंपून येत, भाकरी बांधून आणत, चटया अंथरून बसत. कुणी भजी खायला मध्येच उठलं, तर शेजारचा त्याच्याकडे असा बघे की भजी घशाखाली उतरत नसत. जाणकार माणसं होती ती. बरं गायलं तर मान हलवत, बेसूर झालं तर खाली बघत, आणि खोटी दाद कुणी देत नसे.

त्या उत्सवाचा एक रिवाज मात्र कडक होता. तिसऱ्या दिवशी ऊन उतरलं की थोरले बुवा भैरवी गात. भैरवी झाली की संपलं. तंबोऱ्यांना गवसण्या चढत, माणसं गुमान चटया गुंडाळत आणि घरची वाट धरत. भैरवीनंतर कर्दळीत कुणी तोंडातल्या तोंडातही गुणगुणत नसे. का म्हणाल, तर भैरवीने दार लागतं. लागलेल्या दाराशी खुडबुड करू नये, पलीकडे कोण उभं असेल सांगता येत नाही.

एके वर्षी खुद्द राजा धवलकेतू उत्सवाला निघाला आणि राजेलोकांच्या सवयीप्रमाणे उशिरा पोचला. भैरवी नुकतीच झाली होती. थोरले बुवा, त्यांचं नाव भृंगनाथ, तंबोऱ्याला गवसणी घालत होते. भृंगनाथ गवई होते आणि मांत्रिकही होते. त्या काळी दोन्ही विद्या एकाच गुरूकडे मिळत. राजाने गळ्यातला नवरत्नांचा हार काढून बुवांच्या पायाशी टाकला.

"बुवा, आणखी एक."

"महाराज, भैरवी झाली."

"आमच्यासाठी झालेली नाही."

आता सगळे राजाला दोष देतात. मी देत नाही. राजाला रिवाज ठाऊक नव्हता, मांडवातल्या माणसांना ठाऊक होता! पण राजाच पुढे झालेला पाहून त्यांना चेव आला. तीन हजार तोंडं एकदम ओरडली, "आणखी एक! आणखी एक!"

बुवांनी हार उचलून गळ्यात घातला.

"बरं," ते म्हणाले. "आता भैरवी होणारच नाही."

आणि ते गायला बसले.

त्या वेळी ओढ्यापलीकडे आवडा तांबटीण गाडीला बैल जुंपत होती. आवडा विधवा बाई. नवरा लखोबा गेल्यावर तिने त्याची हातोडी उचलली होती आणि घागरी ठोकून घर चालवलं होतं. तिची एकुलती एक पोर पुतळा, वय वर्षं नऊ, सामान आवरायला मांडवात मागे राहिली होती. आवडाने तो गलका ऐकला. त्यात आपल्या पोरीचा किनरा आवाज तिला वेगळा कळला. "आणखी एक!" आणि मग सगळं चिडीचूप झालं.

आवडाने जू तसंच टाकलं. ती धावत आली. मांडवात बुवांचं तोंड हलत होतं, तारा थरथरत होत्या, तीन हजार माना डोलत होत्या, आणि बाहेर आवाजाचा टिपूस नव्हता. एक गाडीवान बायकोला हाका मारत आत शिरला. दोन पावलं गेला, थबकला, खाली बसला, डोलायला लागला. मग बाहेरच्यांपैकी कुणी आत जायला धजेना.

अशी अकरा वर्षं गेली.

मांडव उन्हापावसात तसाच उभा. आतली माणसं म्हातारी होईनात, मरेनात, उठेनात. राजाच्या मुकुटात चिमण्यांनी घरटं केलं. राज्य प्रधानाने चालवलं, म्हणजे चाललं नाही. दर चैत्रात बाहेर राहिलेले लोक येत, मांडवाच्या दोरीबाहेर उभे राहत, लांब बांबूला ओलं फडकं बांधत आणि आपापल्या माणसाचं तोंड पुसत. कुणी बायकोचं, कुणी बापाचं. आवडा पुतळाचं पुसे. फडकं गालावर फिरे तेव्हा पोर डोळे मिटे, पण आईकडे बघत नसे. तिचे ओठ सारखे हलत. काय म्हणतात ते आवडाला पाठ झालं होतं.

अकराव्या वर्षी तोंड पुसून झालं तेव्हा नदीच्या वाळूतून टिटवी बोलली.

"बाई, किती वर्षं पुसणार?"

"पुसवेल तितकी. तुला काय त्याचं?"

"माझी अंडी याच मांडवाकडेला असतात. अकरा वर्षं माझी पिल्लं मुकी निघताहेत. तुझ्याइतकीच मलाही घाई आहे."

"मग उपाय सांग."

"आत जाऊन कुणीतरी मनापासून 'पुरे' म्हणायला हवं. खोटं म्हणालीस तर जागच्या जागी बसशील."

"एवढंच? आत्ता जाते."

"थांब, आगाऊ बाई! तिथलं गाणं ऐकून आजवर कुणाला उठता आलंय? आधी उठायचा सराव कर. दोन मैफली ऐक. दोन्ही शेवटपर्यंत ऐक, दोन्हींतून आपल्या पायांनी उठून ये. तिसरी इथली."

पहिली मैफल तीन कोसांवर एका विहिरीत होती. विहिरीत पूर्वी कधीतरी वाजवणारे बुडाले होते, ते तळाशी बसून जलतरंग वाजवत. काठाभोवती ऐकणारे बसले होते. काहींच्या अंगावर मांस होतं, काहींच्या नव्हतं. आवडा त्यांच्यात जागा करून बसली. ऊन डोक्यावर होतं, पण वाटीवर काडी पडली की अंगभर गारवा पसरे. तहान गेली, थकवा गेला. शेजारचा सांगाडा सम बरोबर पकडत होता, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. तेच वाईट होतं.

वाजवणं थांबलं. पाण्याखालून आवाज आला, "आणखी?"

"पुरे," आवडा म्हणाली. "माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

आल्याच होत्या. खरं बोलली म्हणून सुटली. लंगडत बाहेर आली तेव्हा टिटवी झाडाखाली बसली होती.

"हे सोपं होतं," टिटवी म्हणाली. "तिथं फक्त सुख होतं."

दुसरी मैफल उजाड माळावर होती. तिथं एक लग्नमांडव होता. सनई वाजत होती आणि वाजवणारा नव्हता. सनई हवेत होती, तिच्या छिद्रांवर बोटांची सावली तेवढी हलत होती. आवडा बसली आणि तिने ओळखलं. हेच सूर तिच्या लग्नात वाजले होते. समोर पाटावर लखोबा बसलेला. मुंडावळ्यांआड तेच हसू, मनगटावर भट्टीचा तोच डाग. शेजारचा पाट रिकामा होता.

अहो, काय झालं असेल तिच्या मनाचं! तेरा वर्षांत तिने त्याला स्वप्नातही धड पाहिलं नव्हतं. आता तो मान तिरकी करून तिच्याकडे बघत होता. सनई थांबली.

"आणखी?" सावलीने विचारलं.

आवडाचा जीव ओरडत होता, हो म्हण, हो म्हण. ती उठली, पण पाटाकडे जायला उठली. एक पाय पुढे टाकला. तेवढ्यात लखोबाने मुंडावळ्या बाजूला केल्या.

"आवडे, पोर कुठं आहे?"

ती थांबली. "कर्दळीत आहे. एकटी आहे. तिलाच आणायला निघाले होते."

"मग इथं काय करतेस?"

"तुम्हाला बघत होते."

"बघितलंस ना?"

"बघितलं," आवडा म्हणाली. "पुरे."

त्याचाही पाट रिकामा झाला. सनई धुळीत पडली. आवडा मागे वळून न बघता चालू लागली आणि टिटवीने त्या दिवशी तिला काही विचारलं नाही. टिटवी झाली तरी तिला तेवढी समज होती.

चौथ्या दिवशी दुपार कलताना दोघी कर्दळीला पोचल्या. आवडाने दोरी ओलांडली.

पहिल्या पावलाला तिला गाणं ऐकू आलं. ते कसं होतं ते मी सांगणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातले कुठलेही दोघेजण दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आवडाला त्यात भट्टीचा भाता ऐकू आला, आईची हाक ऐकू आली, आणि पुतळा पाळण्यात असतानाचं तिचं ते नुसतं हुं हुं ऐकू आलं. गुडघे आपोआप वाकत होते. ती दात-ओठ आवळून माणसांच्या रांगांतून चालत राहिली आणि पोरीपाशी पोचली तेव्हाच बसली.

पुतळा डोलत होती. आवडाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोर गरम होती, जिवंत होती. सवयीने कलंडली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून डोलू लागली. अकरा वर्षं बांबूच्या टोकाने पुसलेला तो गाल आता आवडाच्या तळहाताखाली होता.

बुवांनी नजर वर केली. गाणं चालूच राहिलं आणि बुवा बोललेही. दोन्ही एकाच गळ्यातून आलं.

"बाई, आणखी?"

"बुवा, मी पुरे म्हणायला आले आहे."

"म्हण. पण आधी दाराकडे बघ."

आवडाने मान वळवली. मांडवाच्या दाराशी ती सरलेली अकरा वर्षंच उभी होती. त्यांना तोंडं नव्हती. रांगेत उभी होती, शांतपणे, आत घेतील तेव्हा यायला.

"मी भैरवी म्हटली की ती आत येतील," बुवा म्हणाले, "आणि ज्याची त्याच्या अंगावर चढतील. तुझी पोर नऊ वर्षांची उठणार नाही. वीस वर्षांची उठेल. मधलं काही तिलाही मिळणार नाही, तुलाही नाही. इथं बसलीस तर ती नऊ वर्षांची राहील. तुझ्या मांडीवर राहील."

आवडाने पोरीला घट्ट धरलं. पुरे म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. तिला ठाऊक होतं, आत्ता म्हटलं तर ते खोटं होईल. तिला पुरे नव्हतं. नऊ वर्षांची पोर कुणाला पुरते? गाणं चढत होतं. आवडाची मान एकदा डोलली. मग पुन्हा डोलली. बाहेर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि आत ते ऐकू येत नव्हतं.

पुतळाचे ओठ हलले. "आणखी एक," ती पुटपुटली, आणि बोलताना तिचा वरचा सुळा हलला.

आवडाने वाकून पाहिलं. दुधाचा दात होता. नुसत्या एका धाग्यावर लोंबत होता. पोर जीभ लावून तो मागेपुढे हलवत होती, जशी सगळी पोरं हलवतात. अकरा वर्षं हलवत होती. दात पडत नव्हता आणि त्याच्याखाली नवा दात वाट बघत अडून बसला होता. हिरडी लाललाल झाली होती.

"अगं बाई," आवडा म्हणाली. "अगं माझे बाई, किती दुखत असेल तुला."

तिने बुवांकडे पाहिलं.

"पुरे, बुवा. हिचा दात पडू द्या."

बुवांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मीही दमलो होतो, बाई," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एकानेही पुरे म्हटलं नाही." त्यांनी हार काढून खाली ठेवला. त्यातली नऊ रत्नं नऊ भुंगे होऊन नदीकडे उडून गेली. बुवांनी तंबोरा पुन्हा लावून घेतला आणि भैरवी म्हटली.

ती बाहेरही ऐकू आली. वाळूत टिटवीची पिल्लं ओरडायला लागली. सूर सरत आला तशी दाराशी उभी असलेली वर्षं आत आली, कुठेही धक्काबुक्की न करता, आणि आपापल्या माणसापाशी गेली. काळे केस पिकले. राजाची दाढी पोटापर्यंत आली. जी माणसं आधीच ऐंशीची होती ती चटईवर शांतपणे आडवी झाली आणि मग उठली नाहीत. कुणी हंबरडा फोडला नाही, कारण शेवटचा सूर अजून हवेत होता. तो विरला तेव्हा राजा धवलकेतू उठला. सगळ्यांत आधी त्याने मुकुट घरट्यासकट हलकेच एका खांबावर ठेवला. मग बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बोडक्या डोक्याने चालत राजधानीला गेला. पुढं त्याने राज्य नीट केलं. प्रधानाला काय केलं ते विचारू नका.

तिकडे आवडाच्या मांडीवरचं डोकं जड झालं. परकर गुडघ्यांच्या वर गेला, चोळीची शिवण टर्रकन उसवली. आवडाने झटकन आपला पदर पोरीभोवती लपेटला. एक मोठी बाई उठून बसली, लखोबाच्या नाकाची, आवडाच्या कपाळाची. ती तळहातावर काहीतरी थुंकली. दात होता. तिने दाताकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं.

"आई, हे हात कुणाचे?"

"तुझेच, बाळ."

"एवढे मोठे?"

"झाले मोठे."

पुतळा उभी राहिली. आवडालाही उठावं लागलं, आणि उठून पोरीच्या तोंडाकडे बघायला मान वर करावी लागली. तिला आनंद झाला आणि दुःखही झालं, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं जास्त हे तिला जन्मभर ठरवता आलं नाही.

"आई, मला फार भूक लागली आहे," पुतळा म्हणाली.

आवडाच्या शिदोरीत अर्धी भाकरी उरली होती, वाळून कडक झालेली. तिने ती दिली. पोरीने उभ्याउभ्या खाल्ली, बोटांना लागलेले कण चाटले, आणि आणखी मागितली. तेव्हा आवडा ढसाढसा रडली. मग डोळे पुसून पोरीला हाताला धरून म्हणाली, "चल घरी, चूल पेटवते."

त्यांच्या घरी ती चूल पेटली, तशी तुमच्याआमच्या घरी रोज पेटो.