बाजाराकडे जाणारा रस्ता

गावाचं नुकतंच नगर होऊ लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाजाराकडे जाणारा एक रस्ता होता. त्याच्या कडेने माणसं बोलत-थांबत चालायची आणि मधून गाड्या जायच्या. गाड्या वाढल्या तशा त्या कुरकुरू लागल्या, "अरे, जरा अंग पसर की!"

रस्त्याने आधी कडेची पायवाट गिळली. मग चिंचेचा पार, मग भाजीवाल्या बायकांच्या बसायच्या जागा, मग पेठेतली दुकानंसुद्धा. दर वेळी मैलाचा म्हातारा दगड ओरडायचा, "खादाडा, पुरे कर!"

"एवढं एकदाच," रस्ता म्हणायचा. "गाड्या अडकतात, दिसत नाही का?"

अखेर तो ऐसपैस झाला. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. आज गाड्यांची रीघ लागणार म्हणून रस्ता पहाटेपासून तयारीत होता. सकाळ गेली, दुपार टळली, तरी एक चाक फिरकलं नाही की एक पाऊल वाजलं नाही.

संध्याकाळी एक परगावची गाडी आली आणि दगडापाशी थांबली.

"आजोबा, इथला बाजार कुठं हो?"

"सांगा की तिला!" रस्ता उतावीळ होऊन म्हणाला.

"काय सांगू?" दगड म्हणाला. "तू त्याच्यावरच तर पसरला आहेस."

रस्ता थिजला. गाडी आली तशी मागे वळली. त्याने घाईघाईने अंग आकसून पाहिलं, पण डांबर केव्हाच वाळलं होतं.